नव्या नावाची हाक

"आजपासून यांचं नाव हाईम," हज्जान प्रार्थनेचं पुस्तक मिटत म्हणाले. "हाईम म्हणजे जीवन. आता घरात कुणी जुन्या नावानं हाक मारायची नाही."

नाशकात ज्यूंची घरं बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून प्रार्थना म्हणायला सिनेगॉगच्या हज्जानांना ठाण्याहून बोलावलं होतं. ओझरच्या कारखान्यात विमानांचे नटबोल्ट आवळण्यात हयात घालवलेले सॉलोमन झिराडकर पलंगावर डोळे मिटून पडले होते. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यांना घरी आणलं होतं.

"म्हणजे यमदूताला चकवायचं?" शेजारच्या शैलाताईंनी दबक्या आवाजात विचारलं. "आमच्या मामांचं नाव त्यासाठीच दगडू ठेवलं होतं. चांगले म्हातारे होऊन गेले."

हज्जान हसले. "चकवायचं नाही हो. वरचा हुकूम सुटलाय तो जुन्या माणसावर. हा माणूस आता नवा आहे, त्याला नव्यानं आयुष्य दे, असं आम्ही देवाला विनवतो. पण त्या नावानं घरच्यांनी हाक मारायला हवी. आधी बायकोनं."

सगळे मिलकाबाईंकडे बघू लागले आणि त्यांना घाम फुटला. जन्मानं बेने इस्राएली ज्यू असल्या तरी बायको म्हणून त्या अस्सल मराठी. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी ओठांवर येऊ दिलं नव्हतं. लग्नात उखाण्याचा आग्रह झाला, तेव्हाही मान खाली घालून वेळ मारून नेली होती. पोस्टमननं विचारलं तर शैलाताईंना पुढे करायच्या. सगळा संसार 'अहो'वर झाला, भांडणंसुद्धा.

पण आता लाजायची सोय नव्हती. माणूस हातचा चालला होता. त्या उठल्या आणि नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"हाईम," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "अहो हाईम."

मग सॉलोमनरावांच्या पापण्या हलल्या. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि बायकोवर येऊन थांबली.

"हाईम कोण?"

"तुम्हीच. आत्ताच ठेवलंय नाव."

सुकलेल्या ओठांवर मिश्कील हसू आलं.

"परक्याचं नाव घेतलंस की गं. माझं कधी घेतलं नाहीस. एकदा घे ना."

मिलकाबाईंचे डोळे भरून आले. मनातल्या मनात इतकी वर्षं म्हटलेलं ते नाव आज अगदी जिभेवर आलं होतं. हज्जानांनी घाईनं हात वर केला, पण त्याची गरज पडली नाही. मिलकाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि नवऱ्याचा हात धरला.

"आधी बरे व्हा," त्या म्हणाल्या. "मग रोज घेईन."