अस्सल उच्चार

परदेशात माणसाला तारते ती भाषाच, असं अच्युतराव सहलीभर बायकोला ऐकवत होते. सहा महिन्यांच्या शिकवणीत त्यांना फ्रेंचमधून कॉफी मागवता येऊ लागली होती.

पॅरिसमध्ये इंदुमतीबाईंना ताप भरला. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी भराभर प्रश्न विचारले. अच्युतरावांना एकही कळेना. पण बायकोदेखत अडायचं कसं? अस्सल उच्चारात ते प्रत्येक प्रश्नाला "उई", म्हणजे "हो", म्हणत गेले. "सगळी औषधं चालतात ना?" या शेवटच्या प्रश्नालाही "उई" ऐकून डॉक्टरीणबाई निर्धास्त होऊन इंजेक्शन आणायला गेल्या.

"अहो, पेनिसिलिन मागे माझ्या जिवावर बेतलं होतं, ते सांगितलंत ना?"

"सांगितलं गं. दोनदा."

डॉक्टरीणबाई परतल्या तेव्हा अच्युतराव ते वाक्य मनात जुळवत होते. जुळेपर्यंत सुई टोचून झाली.

तासाभराने इंदुमतीबाई गेल्या. डॉक्टरीणबाईंनी अच्युतरावांचं सांत्वन केलं, ते स्वच्छ इंग्रजीत.