सरांचा लाल गोल

कमलच्या पत्राला जयवंत सरांनी उत्तर पाठवलंच नव्हतं. बँकेतली नोकरी सोडून कुकरच्या रबरी रिंगांचा कारखाना काढू का, एवढंच तिनं विचारलं होतं. सोबत सगळी योजना जोडली होती. सरांनी उत्तर लिहिलंही. मुलुंड स्टेशनबाहेरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. आपण पुस्तकं शिकवणारे. दुसऱ्याच्या आयुष्यात बोलणारे कोण?

त्याला आता वीसेक वर्षं झाली.

आज अंधेरीच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात कमल पाहुणी होती. 'शेवंती रबर'ची मालकीण. सभागृह खच्चून भरलं होतं. सर मागे, खांबाआड बसले होते. बोलावणं तिचंच होतं, म्हणून जास्तच भीती वाटत होती.

"मॅडम, तुमचे मेंटॉर कोण?" एका मुलीनं विचारलं.

"जयवंत सर! ते बघा, खांबामागे लपलेत!"

सगळ्या माना वळल्या. सरांचा चष्मा घसरला.

"सर पेपर तपासायचे ना, तर बरोबर उत्तराला कधी टिक नाही. चुकलं की लाल गोल! मी माझी योजना त्यांना पाठवली. महिनाभर पोस्टमनची वाट बघितली. लाल गोल आलाच नाही. म्हटलं, पास! दिला राजीनामा."

टाळ्या थांबेनात. कुणीतरी शिटी मारली. सर उठले, बसले, पुन्हा उठले.

चहाच्या वेळी कमलनं त्यांना बाजूला घेतलं. तिचा भाऊ राजेश सोबत होता.

"सर, एक मोठी कंपनी आपली कंपनी विकत मागतेय. नाव तेच ठेवणार, पण अंधेरीचा कारखाना बंद करणार. पुढच्या महिन्यात सही आहे."

"देऊन टाक ना, ताई," राजेश म्हणाला. "किती वर्षं रबराचा वास घेणार?"

"आणि मशीनवरच्या सपनाला, कुंदाला काय सांगू? घरी बसा?" ती सरांकडे वळली. "माझं डोकंच चालत नाही, सर. चुकत असेन तर कळवा. काही आलं नाही, तर बरोबर समजून सही करते. नेहमीसारखं."

"म्हणजे सही पक्की," राजेश हसला. "सर कधी लिहितात का?"

घरी आल्यावर सरांनी चपलाही काढल्या नाहीत. कपाटातून ते जुनं उत्तर काढलं, एकदा वाचलं. कागद नव्या पाकिटात घातला, कारखान्याचा पत्ता लिहिला, तिकीट चिकटवलं आणि जवळजवळ धावतच पेटी गाठली.

पाकीट आत पडल्याचा आवाज झाला. त्यात लाल शाईतली ती जुनी, एकच ओळ होती: "कमल, हा विचार सोड, हातात आहे ते चांगलं आहे, ते टाकू नकोस."