मोरीतला रंग

“आला. लाल आला,” भिकाजीशेट म्हणाले आणि हातातलं पांढरं फडकं त्यांनी यमुनाबाईंच्या तोंडासमोर धरलं.

फडक्यावर लालसर पट्टा उमटला होता. ओला, बोटभर रुंद. कापडदुकानाच्या मागच्या खोलीत, भिंत छताला मिळते त्या कोपऱ्यात त्यांनी ते नुकतंच जोरात घासलं होतं.

“बघा नीट. चष्मा आणायचा तर आणा.”

“मला दिसतंय,” यमुनाबाई म्हणाल्या.

त्याच कोपऱ्याखाली कापडाचे गठ्ठे रचलेले होते. गणपतीसाठी मागवलेला माल. वरच्या सगळ्या गठ्ठ्यांवर काळे ठिपके पडले होते आणि खोलीत ओल्या पोत्यासारखा वास कोंडला होता. बुरशीला कापडापेक्षा त्यावरची खळ आवडते, आणि कोऱ्या मालाला खळ भरपूर असते.

भिकाजीशेटांचं म्हणणं जुनंच होतं. वरच्या भाडेकरणीची मोरी गळते आणि ते पाणी भिंतीत मुरतं. यमुनाबाईंचं म्हणणंही तितकंच जुनं. मोरी ठणठणीत आहे, पाऊस पश्चिमेकडून भिंतीवर आपटतो, तिकडे पत्रे मारा. दोन पावसाळे हेच चाललं होतं. भिकाजीशेट दुकानाचा केर जिन्याच्या पायरीवर लोटत. यमुनाबाई वरून कुंड्यांना पाणी घालत, ते दुकानाच्या पाटीवर पडेल असं बघून.

शेवटी शेजारच्या विनोद शिंप्याला साक्षीला ठेवून ठरलं. वरच्या मोरीत रंग ओतायचा. तो खालच्या भिंतीत उतरला, तर यमुनाबाईंनी दसऱ्याच्या आत खोल्या सोडायच्या. नाही उतरला, तर भिकाजीशेटांनी त्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. रंग ओतायचं काम वेदिकाकडे आलं. ती भिकाजीशेटांची मुलगी. एमएस्सी होऊन एमआयडीसीतल्या एका मासळीच्या कंपनीत तपासणीच्या कामाला लागली होती.

“पोरगी तुमची, रंग तुमचा, भिंत तुमची,” यमुनाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. “माझी नुसती मोरी. चालेल. पण भिंतीवर नजर मी ठेवणार.”

म्हणून आज वेदिका वर एकटी होती आणि यमुनाबाई खाली. त्यांच्या डोळ्यांदेखत फडकं लाल झालं होतं.

“आता काय बोलायचं, काकी?” विनोद म्हणाला. “मोरी गळत नाय, वाहतेय नुसती.”

“तू गप रे. आधी तुझ्या तोंडाला बटण लाव.”

पण आवाजात नेहमीची धार नव्हती. लग्न होऊन त्या याच खोल्यांत आल्या होत्या. नवरा बोटीवर असायचा, तो गेला त्याची खबरही त्यांनी याच जिन्यात उभं राहून ऐकली. आता जायचं म्हटलं तर दाभोळला दिराकडे एक पडवी होती, तीही दिराच्या मर्जीवर. रोज सकाळी त्या मोरीत बसून भांडी घासत. एकही फरशी कधी हललेली त्यांना जाणवली नव्हती. पण फडकं समोर होतं. माणूस स्वतःच्या डोळ्यांशी किती भांडणार?

त्यांनी पदराच्या गाठीतली चावी सोडली आणि जवळच्या टेबलावर ठेवली.

“दसऱ्यापर्यंत कशाला? तुमचे उपकार नकोत.”

“उपकार करतंय कोण?” भिकाजीशेट म्हणाले. “एवढा माल कुजला, तो काय तुमचा दीर भरून देणारे?” मग जिन्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. “वेदिका, ये गो खाली. झालं काम.”

वेदिका खाली आली. तिने आधी चावी बघितली, मग कोपरा. तिथला गिलावा सुटला होता आणि आतला जांभा दगड पाणी पिऊन काळपट दिसत होता. तिने वडिलांच्या हातातलं फडकं घेतलं आणि तो लाल पट्टा दोन बोटांत चोळला. खरखरीत लागला. पाण्यात विरघळलेला रंग असा लागत नाही. पावसाळ्यात रत्नागिरीत ज्याच्या त्याच्या पायजम्याच्या काठाला जी लाल माती लागते, तीच ही.

“काय बघतेस एवढं?” भिकाजीशेट म्हणाले. “तू सांगितलंस तसंच पुसलं.”

वेदिकाने खिशातून एक पुडी काढली आणि चावीशेजारी ठेवली. खायच्या लाल रंगाची पुडी. तोंडाला पिन मारलेली.

“मी अजून काहीच ओतलं नाही, पप्पा. आधी रंग न घालता भिंत पुसून बघायची असते. कंपनीत आम्ही रोज तसंच करतो.”



“मग आता ओत,” भिकाजीशेट म्हणाले. “थांबलीस कशाला?”

“वाण्याकडे निळा होता, हिरवा होता,” वेदिका म्हणाली. “मी हिरवा घेतलाही होता. लालच आण म्हणून तुम्ही परत फोन केलात. लहानपणापासून ही भिंत तुम्ही पुसताय, पप्पा. पुसल्यावर फडक्याला काय लागतं, ते तुम्हाला माहीत नव्हतं?”

भिकाजीशेटांनी तिच्या हातातून फडकं घेतलं आणि ते त्याची घडी करू लागले. लाल भाग आत जाईल अशी.

यमुनाबाईंनी आधी पुडी उचलली. डोळ्यांजवळ नेऊन पिन तपासली. मग चावी उचलली.