चिमण्यांचा वाटा

इद्रिसनं कणगीवरचं झाकण उचललं, आत डोकावला आणि तसाच वाकून उभा राहिला.

"मावशी, कणगी काहून रिकामी?"

भिवराबाई उंबऱ्यापाशी उभी होती. बायकांच्या बियाणं सोसायटीची ती चेअरमन. शिरूर कासारच्या बाजूला चेअरमन म्हटलं की लोकांना साखर कारखाना आठवतो. हिची सगळी सत्ता म्हणजे ह्या खोलीची किल्ली, कमरेला खोचलेली. इद्रिस येणार हे कळल्यापासून तिनं उत्तर घोटून ठेवलं होतं: बियाण्याला सोंडे लागले, किड्यांनी समदं पीठ केलं.

पोरगा सुदानचा. तिथल्या विद्यापीठाचा इथल्या कृषी विद्यापीठाशी करार झाला, साहेब लोकांनी हारतुरे घेतले, फोटो काढले आणि गाड्यांत बसून गेले. मागं राहिला तो हा एकटा. त्यानं आपल्या देशाहून आणलेली ज्वारी होती नव्हती तेवढी गावच्या मुरमाड रानात पेरली आणि बायकांत बसून मराठी शिकला. पावसानं दगा दिला. गावाची ज्वारी करपली, त्याची तेवढी तगली. कृषी विद्यापीठात परत जाताना बियाणं ह्याच कणगीत भरून तो भिवराबाईला म्हणाला होता, "हे खायाचं न्हाई, मावशी. पेरायाचं."

"दुसरीकडं ठिवलं का?" त्यानं विचारलं. भिवराबाईनं तोंड उघडलं, पण तो बोलतच राहिला. "घरून फोन आला. बंदूकवाले आमच्या विद्यापीठात घुसले. बियाण्याचं कोठार पेटवलं. माझे सर आत होते." त्यानं तळहात पँटला पुसले. "हे वाण आता तिकडं कुठंच न्हाई. फक्त तुमच्याकडं हाय. मी नेतो, लपवून ठिवतो. लढाई थांबली की पेरतो."

आता ह्याच्यापुढं सोंड्यांचं नाव घ्यायचं तरी कोणत्या तोंडानं? भिवराबाईला स्वतःचीच शिसारी आली.

"खाल्लं," ती म्हणाली. "आमी खाल्लं, लेकरा. ऊसतोडीचा ट्रक दारात उभा, बाया निघाल्या, आन् एकीच्याबी गाठोड्यात पीठ न्हाई. पोरं भुकेनं रडायलेली. मीच कुलूप काढलं. सोसायटी हाय, म्हणून समद्यांला सारखं वाटलं. तुजं थोडं बाजूला ठिवू म्हणलं, तर शेवटच्या दोघींला पुरंना." हे ती एका दमात बोलली. मध्ये थांबली असती तर सोंडे तोंडातून निघाले असते.

इद्रिसनं रिकाम्या कणगीवर झाकण नीट बसवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

एकाएकी तिनं त्याचं मनगट धरलं. "चिमण्यांचा वाटा हाय की!"

खळ्यात माप लावायच्या आधी कणसांची एक जुडी वळचणीला बांधायची, ती चिमण्यांची. औंदा ती इद्रिसच्याच कणसांची होती. ट्रकात चढताना पोरं त्या जुडीकडं बघत गेली, पण हात कुणी लावला नाही. त्या दिवसापासून भिवराबाईनं तिकडं मान वर करून पाहिलं नव्हतं.

दोघं बाहेर आली. जुडी जागेवर होती. दोन-चार चिमण्या भुर्रकन उडाल्या. इद्रिसनं सुतळी सोडली, एकेक कणीस तळहातावर चोळलं. नुसतं भुसकट निघालं.

भिवराबाई भिंतीला टेकून खाली बसली. तोही शेजारी बसला. तळहातावरचं भुसकट फुंकत त्यानं विचारलं, "मावशी, भाकर कशी झाल्ती?"

"गोड," ती म्हणाली. "लई गोड. पोरांनी कोरडीच खाल्ली."

"आमीबी कोरडीच खायचो," तो म्हणाला.

मग तो उठला आणि ती जुडी त्यानं होती तिथंच पुन्हा बांधली. चिमण्या परत आल्या आणि रिकाम्या कणसांत चोची मारू लागल्या.