भट्टी का विझते

घर गरम ठेवणारी भट्टी पेटली, तिचा पंखा घुमू लागला आणि थोड्याच वेळात ज्योत पुन्हा विझली. पंखा मात्र फिरतच राहिला. तळघराच्या थंड फरशीवर बसून दार्का ऐकत होती.

"गेली का परत?" वरून वडिलांनी, नेस्टरनी, विचारलं.

"गेली, तातो."

"एवढं पदार्थविज्ञान शिकलीस आणि घरची एक भट्टी चालेना तुझ्याच्यानं."

ज्योत ओळखणारी काडी तिने तारेच्या घासणीने घासली होती. फिल्टर नवा घातला होता. बाहेर जाऊन धुराच्या नळीच्या तोंडावरचा बर्फही फोडला होता. सकाळी गाडीत सामान भरून ती आत आली, तेव्हापासून हे चाललं होतं. गाडी अंगणात उभी होती; इंजिन गोठू नये म्हणून तिची वायर अजून भिंतीतल्या प्लगला जोडलेली. वादळाआधी सस्काटून शहराचा रस्ता गाठला, तर उद्याचं विमान मिळणार होतं, आणि विमान मिळालं तर नोकरी. बाहेर उणे तीस. अशा थंडीत, विझलेल्या भट्टीच्या घरात, म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून जायचं कसं?

गेल्या आठवड्यातही ती निघायच्या सकाळी असंच झालं होतं. तिने जाणं रद्द केलं, आणि संध्याकाळी भट्टी आपोआप सुरळीत चालू झाली.

"तू निघ," वरून आवाज आला. "मी कोट घालून बसेन. गोठलोच तर ओल्हा कळवेल तुला."

शेजारची ओल्हा उद्यापासून रोज सकाळी येऊन त्यांना मोजे घालणार होती. पानगळीपासून नेस्टरचे गुडघे वाकत नव्हते. आजवर ते काम दार्का करत आली होती.

तिने भट्टीचं खालचं झाकण काढलं. आतला लाल दिवा चार वेळा लुकलुकला, थांबला, पुन्हा चार वेळा लुकलुकला. खुणेचा अर्थ झाकणावरच छापलेला होता: अति तापली. म्हणजे भट्टी बिघडलेली नव्हतीच. गरम हवेला घरात जायला वाट नव्हती, म्हणून ती जळून जाण्याआधी स्वतःच विझत होती.

दार्का वर आली. स्वयंपाकघरात, नेस्टरच्या खुर्चीपाशी, गरम हवा वर येण्याची जमिनीतली जाळी उघडी होती. बैठकीतली बंद होती. आईच्या रिकाम्या खोलीतलीही बंद. खटका सरकवून तिने एकेक उघडली. तिच्या स्वतःच्या खोलीतली जाळी पलंगाखाली, पार भिंतीच्या कोपऱ्यात होती. तिने पालथं पडून हात आत घातला. तीही बंद होती. पलंगाखालच्या धुळीत, कोणी सरपटत जाऊन आल्याचा रुंद पट्टा उमटला होता.

खाली भट्टी पेटली. दार्का तशीच पडून ऐकत राहिली. या वेळी ज्योत विझली नाही.

ती स्वयंपाकघरात आली तेव्हा रेडिओ चालू होता.

"जमलं वाटतं," नेस्टर म्हणाले. "काय झालं होतं?"

"हवा अडली होती."

"अस्सं."

खिडकीबाहेर बर्फ आडवा उडत होता. कुंपणाचे खांब दिसेनासे झाले होते. रस्ता बंद केला आहे, बर्फ सारणाऱ्या गाड्याही परत बोलावल्या आहेत, असं रेडिओवर सांगत होते.

"माझ्यासाठी बटाटा भरलेल्या पिरोही करून ठेवल्या आहेस ना फ्रीजरमध्ये? त्या काढ," नेस्टर म्हणाले. "दोघं मिळून खाऊ." मग त्यांनी पाय पुढे केला. "आणि हा मोजा घसरलाय बघ."

दार्का त्यांच्यापुढे खाली बसली. मोजा वर ओढून नीट केला. मग त्यांच्या विजारीच्या दोन्ही गुडघ्यांवरची राखाडी धूळ तिने हाताने सावकाश झटकली. आधी डाव्यावरची, मग उजव्यावरची. नेस्टर रेडिओकडे बघत राहिले.