लिफ्टमधली चाचणी

व्हीएचएफ या रेडिओलहरींच्या बँडची वॉकीटॉकी मोकळ्या मैदानात वाघ, पण या टोलेजंग इमारतीच्या काँक्रीटपुढे तिची पार शेळी व्हायची. सुरक्षाप्रमुख इरेला पेटले. रोज वेगळ्या बँडची वॉकीटॉकी घेऊन ते लिफ्टमध्ये शिरायचे, दार बंद करायचे आणि जीव तोडून ओरडायचे, "अडकलोय, सोडवा!" आवाज कसा आला, एवढंच पहारेकऱ्यांनी सांगायचं. शेवटी यूएचएफ बँडने बाजी मारली. तळघरापासून गच्चीपर्यंत शब्द न् शब्द पोचला.

आज ते आत असताना लिफ्ट खरोखरच मधे बंद पडली.

"अडकलोय, सोडवा!"

"आवाज खणखणीत, साहेब!" तळघरातून उत्तर आलं.

"अरे, ही चाचणी नाही! गुदमरतोय मी!"

 

गच्चीवरचा पहारेकरी कौतुकाने म्हणाला, "हेही स्पष्ट आलं, साहेब. आज तर जीवच ओतलात!"