एकही झिंगा आमचा नाही

"हळू सोडजो वं, बाई. आपटले तर मरतील," मार्तंड पराते म्हणाला.

बायजाबाईने घागर टाकीच्या काठावर तिरपी केली. मासे धरणाऱ्या ढिवराच्या लेकीला हे सांगणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणंच. पण मार्तंडला काही ना काही बोलत राहणं भाग होतं. गप्प बसलं की लाज वर यायची.

सकाळचे सात वाजले होते. दहाला कर्जाआधी टाक्या पाहायला बँकेचे मुंबईचे साहेब यायचे होते.

"कोणत्या तलावातले हे?"

बायजाबाईने पदर सावरला. "तलावातलेच आहेत, भाऊ. पाहा ना, कसे उड्या मारून राहिले."

खरंच मारत होते. एप्रिलच्या उन्हात लांबून आणलेली मासळी दमून जाते, आणि हे ठणठणीत होते. शिवाय चांगले हातभर मिशांचे. मार्तंडला नवल वाटलं. पण गरजवंताला अक्कल नसते. त्याने पुढे विचारलं नाही.

'पराते जलजीव प्रायव्हेट लिमिटेड' हे भारदस्त नाव पाचपावलीच्या पलीकडच्या, नाल्याकाठच्या एका जुन्या विणकामाच्या शेडला होतं. हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. झिंगे छपराखाली, टाक्यांतही वाढवता येतात असं मार्तंडने कुठल्याशा मासिकात वाचलं आणि मोहल्ल्यातल्या अठरा घरांना पटवलं. माग विकून लोकांनी कंपनीचे भाग घेतले. पहिला माग विकला तो त्याच्या मोठेबाबांनी, थोरल्या काकांनी, धोंडबांनी. "तू म्हणतं तर इकतो गा," एवढंच ते म्हणाले होते.

गणपतीच्या सुमारास समुद्राकाठून रेल्वेने झिंग्यांच्या पिल्लांचं बीज आलं, तांदळाच्या कणीहून बारीक. पाणी रोज बदलावं लागे, म्हणून बाहेर जाणाऱ्या नळ्यांच्या तोंडाला धोंडबांनी स्वतः विणलेलं, कडक खळ दिलेलं जाळीदार कापड बांधलं. पंधरा दिवसांत टाक्या रिकाम्या झाल्या. उपाशी झिंगे एकमेकांना खातात, असं पुस्तकात होतं. मार्तंडने पुस्तकावर विश्वास ठेवला.

तो कोणाला बोलला नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? "झिंग्यांना उजेड चालत नाही, झाकण उचलू नका," असं त्याने सगळ्यांना बजावलं, आणि नेमाने रिकाम्या टाक्यांत खाद्य टाकत, पाणी बदलत राहिला. आज साहेबांनी होकार दिला तर आणखी वीस टाक्या होतील, अठराही घरांना काम मिळेल. नाही दिला, तर कंपनी संपली.

साहेब वेळेवर आले. माणूस सज्जन होता. झाकण उचललं, एक झिंगा जाळीत घेतला आणि लहान मुलासारखे हसले.

"कमाल केलीत, पराते! नागपुरात, छपराखाली! आता तेवढी कंपनीच्या माहितीच्या कागदावर सही करा, म्हणजे मी शिफारस जोडतो."

माहितीची ती दोन पानं मार्तंडनेच टाईप करून घेतली होती. शेवटचं वाक्य होतं: 'सर्व झिंगे कंपनीच्या टाक्यांत बीजापासून वाढवलेले आहेत.' साहेबांनी पेन पुढे केलं.

तेवढ्यात धोंडबा आत आले. धुतलेली टोपी, हातात चिवड्याची बशी. बशी तशीच धरून ते टाकीत वाकले. सात महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच आत पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "माह्या पोरानं वाढवले हे. माग इकला तवा आमची म्हातारी तीन दिवस जेवली नाही. म्हणे, पोरगा बुडवते. आज तिले हात धरून आणतो अन् दाखवतो."

मार्तंडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबाला फसवणं एक वेळ जमलं असतं. त्या म्हातारीला या टाकीपाशी उभं करणं त्याच्याने झालं नसतं. त्याने पेन घेतलं आणि शेवटच्या वाक्याखाली लिहिलं: 'वरील मजकूर खोटा आहे. यातला एकही झिंगा आमचा नाही.' खाली सही केली.

"इकत आणले, मोठेबाबा," तो म्हणाला. "आपले कवाच मेले."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "वाईट वाटलं, पराते. पण तुम्हीच लिहून दिलंत. आता माझे हात बांधले गेले."

गाडी गेली. धोंडबांनी बशी खाली ठेवली. "सात महिने गा?" एवढंच विचारून तेही गेले.

पंधरवड्यात नकाराचं पत्र आलं. मार्तंडने स्वतः घण घेऊन टाक्या फोडल्या आणि विटा अठरा घरांत वाटून टाकल्या. लोक विटा घेत, पण त्याच्याकडे बघत नसत. तरी खोटं पोटात ठेवून निजणं संपलं, एवढंच समाधान त्याच्यापाशी उरलं होतं. तेच तो धरून होता.

शेवटची टाकी फोडत असताना बायजाबाई दारात येऊन उभी राहिली.

"झिंगे नको आता, बाई," तो म्हणाला. "संपलं सारं."

"मालूम आहे, भाऊ." ती उंबऱ्याशी बसली. मान वर करेना. "एवढ्या मोठ्या साहेबासमोर तुम्ही खरं बोलले म्हणे. आयकलं तवापासून मले घास गोड लागून नाही राहिला. मी खोटी बोलली तुमच्यासंगं."

"काय खोटं?"

"ते तलावातले नव्हते. चोर म्हणाल म्हणून सांगतलं नाही." तिने पदर डोळ्यांना लावला. "या शेडामागं, बेशरमाच्या झाडोऱ्यात, तुमच्या नळ्याचं पाणी पडूपडू डोह झाला आहे. कापडाची खळ धुऊन गेली अन् तुमचं बारीक बीज तिथं वाहून आलं. संक्रांतीपासून तिथंच पकडून राहिली मी, भाऊ; तुमचेच झिंगे तुम्हाले इकले."